टेबलावरचे नऊ बावटे

पाचूबंदर, वसई
४ फेब्रुवारी

ॲनिशा,

माझ्या कामाचं फोनवर काही विचारू नका, इकडे कान असतात, असं तू नाताळात म्हनालीस. म्हनून कागद घेतला. चौथी शिकलेल्या मानसाचं अक्षर हाय, हसू नको. ख्यालीखुशाली विचारत नाय. तू बरी हायस हे तुझ्या आईला कळलं की मला कळतं, आमच्यात भिंत एकच.

काम सांगतो. माझ्या जोएलचं जहाज अडकलंय. त्या अरुंद समुद्राच्या दोन बाजूंना दोन देश भांडतायत आनि मधून जानाऱ्या जहाजांवर आग पडते. म्हनून ह्याचं जहाज तोंडाशी नांगर टाकून उभं. आज एकोनीस दिवस. बावीस मानसं. तुझा भाऊ खाली इंजिनात, कालवं उकडतात तसा उकडतोय.

तिथंच थोड्या अंतरावर नऊ देशांच्या लढाऊ बोटी उभ्या हायत. नऊ जन एकमेकांचे दोस्त. जहाजांना मधून सोबत करून बाहेर काढायचं असं नवांनी बोलून दाखवलंय. आनि काढत कोनी नाय. का, तर बैठक चालू हाय. बैठक कुठं, तर तुझ्या लिस्बनला, तू जिथं टेबलं लावतेस त्याच हॉलात. देवानं एवढं जवळचं नातं लावून दिलं तर विचारू नको का?

जोएलची कामाची मुदत जानेवारीतच संपली. कॅप्टन म्हनतो, ज्यांची संपली त्यांनी पानी घेऊन येनाऱ्या लाँचमधून उतरावं आनि जमिनीवरून घरी जावं. शेवटची लाँच शनिवारी एकवीसला. जोएल म्हनतो, सोबत येनार असेल तर मी राहतो, इंजिनातला दुसरा मानूस आजारी हाय, त्याला टाकून कसा उतरू. येनार नसेल तर उतरतो. कॅप्टन मोबाईल काढून घेतो, गुरुवारी अर्धा तास देतो. तवा मला सांगायचंय.

तर एवढंच लिही. येतायत की नाय. हो की नाय.

आपल्याकडे कसं असतं तुला ठावं हाय. बोट अडकली ऐकलं की जो जवळ असेल तो बावटा चढवतो आनि सुटतो. बावटा चढला म्हनजे बोट सुटली. चढवून गेला नाय असा मानूस बंदरावर तोंड दाखवत नाय. तुझा बाप अडकला तवा मी स्वतः बावटा चढवला होता. समुद्र मोठा होता, पोचायला उशीर झाला, तो भाग वेगळा. तवा बैठक कोनी घेतली नाय.

तुझ्या आईनं बोंबील वाळत घातलेत. कुरियरवाला सहा दिवस म्हनतो. खोटारडा हाय, सात धर.

तुझा काका
डॉमनिक


लिस्बन
११ फेब्रुवारी

प्रिय डॉमनिककाका,

पत्र सहा दिवसांत आलं, कुरियरवाल्याची माफी मागा.

जोएलचं वाचून मी जेवले नाही. तो तिथे आहे हे मला आईने सांगितलं होतं, पण इंजिनात एकोणीस दिवस, हे नव्हतं सांगितलं.

काका, मला हो किंवा नाही लिहिता येत नाही. कामावर घेताना त्यांनी माझ्याकडून कागदावर सही घेतली आहे. हॉलमध्ये जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, लिहायचं नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. आत जाताना फोन कपाटात ठेवून किल्ली द्यावी लागते. मी तिथे कोण? नावाच्या पाट्या लावणारी, पाण्याच्या बाटल्या ठेवणारी. पण भिंतीला लागून उभी असते, आणि भिंतीला ऐकू येतं.

कोण काय बोललं ते सोडून बाकीचं लिहिते. इथे कोणी आवाज चढवत नाही. पाचूबंदरला जाळ्यावरून भांडण झालं की तीन गल्ल्यांना कळतं. इथे एक जण म्हणतो, आमच्या मित्राच्या मताबद्दल आम्हाला आदर आहे, आणि शेजारचा पेन खाली ठेवतो. समजायचं, भांडण झालं. मग कॉफी येते. कॉफीनंतर सगळे एकमेकांच्या मुलांची चौकशी करतात. पुन्हा बसतात, पुन्हा आदर.

आज मात्र वेगळं काम आलं. इतके दिवस टेबलावर फक्त पाट्या होत्या. आज आमच्या मॅडमनी नऊ छोटे झेंडे दिले, सगळे एका उंचीचे. उद्या दहाच्या आत टेबलावर उभे करायचे. पडदे धुऊन आणलेत, ताजी फुलं आणलीत. मी पट्टी घेऊन झेंड्यांमधलं अंतर मोजत होते आणि मला तुमची आणि जोएलची आठवण येत होती.

काका, तुम्ही समजून घ्याल. तुम्ही मला वाढवलंत, माझ्या बोलण्यावरून तुम्हाला कळतं. याच्यापेक्षा जास्त मला लिहायला लावू नका.

आईला सांगा, मी बरी आहे.

तुमची
ॲनिशा


पाचूबंदर
२० फेब्रुवारी

ॲनिशा,

पोरी, तू बापाची, रिचर्डची खरी. तोही असाच, वाकडं बोलून सरळ सांगायचा. कागदावर सही केलीस, सही मोडली नाय, आनि काकाला पन उपाशी ठेवलं नाय.

बावटे चढले वाचलं आनि मी पत्र खाली ठेवलं. पुढचं वाचलंच नाय आधी. तुझ्या काकीला, कॅथरिनला हाक मारली, म्हनलं, निघाले. ती म्हनाली, कशावरून? तिला नऊ बावटे दाखवले. ती माहेरची वटारची, केळीच्या वाडीतली, तिला बावट्यातलं काय कळनार. म्हनाली, टेबलावर लावलेत हो, बोटीवर नाय. म्हनलं, तू गप बस. नऊ देशांचे मोठे लोक पोरासोरांसारखे बावटे घेऊन खेळतील काय?

काल गुरुवार. अर्धा तास मोबाईल मिळाला. कानाला मशीन लावूनसुद्धा मला नीट ऐकू येत नाय म्हनून काकीनं फोन धरला आनि मी ओरडून सांगितलं. बाबा, उतरू नको, सोबत येतेय, खात्रीची खबर हाय, कुठून ते विचारू नको. तो हसला असं काकी म्हनाली. मंग म्हनाला, बरं झालं पप्पा, माझी लाँचमधली जागा आमच्या कुकाला देतो, केरळचा हाय, म्हातारा हाय, रोज रडतो.

तर कुक उद्या उतरतोय आनि आपला पोरगा ऐटीत बाहेर पडतोय, पुढे एक लढाऊ बोट, मागे एक. परवा राखेचा बुधवार झाला. राख लावून घेताना मी देवाला म्हनलं, चाळीस दिवस मासळी सोडायला तयार हाय. कॅथरिन म्हनते, कोळ्यानं एवढं बोलू नये.

तुझ्या आईला सांगितलं. ती बावट्याचं ऐकून आत गेली. तिचं हे नेहमीचं, बावट्याची गोष्ट निघाली की ती उठते.

पुढच्या पत्रात ते कधी सुटले ते लिही. वाकडंच लिही, मला कळतं.

डॉमनिककाका


लिस्बन
२७ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र काल संध्याकाळी आलं. मी जिन्यातच वाचलं आणि तिथूनच फोन लावला, कान असले तर असू देत म्हटलं. काकीने उचलला. मी म्हटलं, जोएलला आत्ताच्या आत्ता उतरायला सांगा. काकी म्हणाली, अगं, लाँच शनिवारीच गेली. तुम्ही मागे विचारत होतात कोणाचा फोन आहे. काकीने तुम्हाला काय सांगितलं मला माहीत नाही. म्हणून सगळं लिहिते. आता सही गेली उडत.

कोणी येत नाही, काका. ते झेंडे फोटोसाठी होते.

मला वाटलं, पडदे आणि फुलं लिहिली की तुम्ही म्हणाल, हा नुसता देखावा आहे, जोएल उतर. मी पट्टीने मोजलं असंही लिहिलं. मी नववीत हॉस्टेलला गेले ती बंदरावर नीट परत आलेच नाही. बावटा चढला की काय समजतात, ते तुमच्याच आधीच्या पत्रात होतं, मी ते वाचलं होतं, आणि तरी मला ते लागू पडेल असं वाटलं नाही.

आत काय चाललंय ते ऐका. एक देश म्हणतो, जहाजांपुढे चालू पण गोळी झाडणार नाही. दुसरा म्हणतो, झाडायची नसेल तर पुढे चालून मरायचं का? तिसरा म्हणतो, आमची बोट दुसऱ्याच्या अधिकाऱ्याच्या हुकमात राहणार नाही. चौथ्याकडे निवडणूक आहे. दोघांना वाटतं, सोबत दिली तर त्या लढाईत आपणही उतरलो असं होईल. त्यांतलं कोणी खोटं बोलत नाही, काका. हे सगळ्यात वाईट. प्रत्येकाचं ऐकलं की पटतं.

परवा त्यांच्या अध्यक्षांनी सरळ विचारलं, पहिली बोट कोणाची? टेबलाभोवती एकेक जण बोलला. नवांनी एकच उत्तर दिलं: आम्ही तयार आहोत, बाकीचे तयार झाले की. टाइप करणाऱ्या मुलीने ते एकदाच लिहिलं आणि खाली नऊ नावं घातली.

ते ऐकताना मला पप्पांची गोष्ट आठवली. तुम्ही लहानपणी सांगायचात, तुझ्या बापासाठी आम्ही कोणाला विचारत बसलो नाही. काका, त्या दिवशी खबर आल्यावर तुम्ही किती वेळात निघाला होतात? मला उगाच विचारावंसं वाटलं.

गुरुवारी जोएलचा फोन येईल तेव्हा त्याला म्हणा, जहाजाच्या वरच्या भागात झोप, इंजिनात जास्त थांबू नको. दुसरं काय सांगणार.

ॲनिशा


पाचूबंदर
१० मार्च

ॲनिशा,

तुझं पत्र पाच तारखेला आलं. जोएल दोन तारखेला गेला. गुरुवार आलाच नाय.

सोमवारी सकाळी आग आली ती इंजिनाच्या बाजूला लागली. तिघं गेले. आजारी होता तो दुसरा मानूस वर झोपलेला, तो वाचला. केरळच्या कुकाचा घरून फोन आला. रडत होता. त्याची भाषा मला समजेना, माझी त्याला. बराच वेळ दोघं फोन धरून बसलो.

तू जिन्यातून फोन केलास तो कॅथरिननं मला सांगितला नव्हता. म्हनाली, सांगून काय करनार होतात, पोहत जानार होतात? चार दिवस ती एकटी ते घेऊन फिरली. भाकऱ्या केल्या, चर्चात मिस्साला गेली, माझ्या कानाच्या मशीनचा सेल बदलला.

कंपनीचा मानूस येऊन गेला. एक कागद दिला. वर नऊ बावटे छापलेत, रंगीत, एका उंचीचे. खाली चार ओळी दुःखाच्या. तूच मोजलं असशील अंतर.

जहाज अजून तिथंच उभं. तिघांना थंड पेटीत ठेवलंय. आनायला कोनाची बोट जानार हे अजून ठरलेलं नाय. बैठक हाय म्हनतात.

फादर आले होते, देवाची इच्छा म्हनाले. म्हनलं, फादर, देवाला मधे घालू नका, त्याला कोनी टेबलावर बोलावलं नव्हतं. माझ्या पोराला उतरू नको असं मी ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीनं ऐकलंय.

तू विचारलेलं वाचलं. त्याचं उत्तर देत नाय.

काका


लिस्बन
१९ मार्च

काका,

काय लिहू. तुम्ही ओरडून सांगितलंत ते माझं ऐकून. मला एक शब्द लिहायचा होता. मी फुलं लिहिली.

मला कामावरून काढलं. फोनचं त्यांना कळलं. मॅडम वाईट नव्हत्या, म्हणाल्या, तुझ्या भावाबद्दल आम्हाला दुःख आहे, पण सही ती सही. सामान घ्यायला गेले तेव्हा टाइप करणारी मुलगी माझ्या मागे जिन्यापर्यंत आली. तिने एक सांगितलं. तुम्हाला सांगू की नको, असा आठ दिवस विचार केला. पण आता मी कोणासाठी काही झाकून ठेवणार नाही.

त्या सोमवारी सकाळी जोएलच्या जहाजाने मदत मागितली. आग लागल्यावर ते तिघं बराच वेळ जिवंत होते, काका, खाली अडकलेले. त्या नऊंपैकी एकाची लढाऊ बोट चाळीस मिनिटांवर होती. आग विझवायचं सगळं सामान तिच्यावर होतं. इंजिन चालू, झेंडा वर. कॅप्टनने परवानगी मागितली. त्याच्या देशाने बाकीच्या आठांना विचारलं. दुपारपर्यंत उत्तरं येत होती. सगळे हो म्हणाले. शेवटचं हो आलं तेव्हा दोन वाजले होते.

तुम्ही उत्तर देत नाही म्हणालात. पप्पा गेले त्या दिवशी मी सहा वर्षांची होते, घराच्या पायरीवर बसून होते. मला एवढंच आठवतं की आई आत होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. पप्पांची खबर सकाळी आली होती असं गावात सगळे सांगतात. मग तुम्ही दुपारपर्यंत कुठे होतात?

मी तुमच्यावर रागावून विचारत नाही. मला आता रागवायचा हक्क नाही. पण मला त्या दिवशीची ती चाळीस मिनिटं कळायला हवीत, आणि तुमच्याशिवाय कोणी सांगणार नाही.

ॲनिशा


पाचूबंदर
३० मार्च

ॲनिशा,

काल झावळ्यांचा रविवार झाला. झावळी आनली नाय. आज लिहितो, एकदाच लिहितो.

तुझा बाप गेला त्याच्या आधीच्या वर्षी एका अडकलेल्या बोटीला सोडवायला आपली बोट एकटी गेली होती. ती बोट वरच्या बंदराची. मानसं वाचवली. पन त्यांची जाळी वाहून गेली, आनि ते म्हनाले, तुम्हीच चोरली. डोकी फुटली. मंग दोन्ही गावं बसली आनि तह केला. कागदावर. ह्यापुढं कोनाचीही बोट अडकली तर दोन्ही गावांची एकेक बोट जोडीनं जानार, एकटं कोनी जानार नाय, म्हनजे आळ यायचा नाय. कागद मी लिहून घेतला. चौथी शिकलेला मीच होतो पुढे पुढे करनारा. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. आता भांडन मिटलं, आता आपन दोस्त.

रिचर्डचं इंजिन बंद पडल्याची खबर सकाळी नवाला आली. बोट खडकाकडे चाललेली. मी बावटा चढवला. इंजिन चालू केलं. चार खलाशी चढले. आनि मी वरच्या बंदराला सायकलवरून मानूस पाठवला, की तुमची बोट काढा.

खलाशी म्हनाले, डॉमनिक, जाऊ या, भाऊ हाय तुझा. मी म्हनलं, भाऊ हाय म्हनूनच कागद मोडता येत नाय. मी मोडला तर उद्या कोन पाळील? मला ते तवा शहानपनाचं वाटलं, पोरी. तुझ्या त्या नऊ जनांसारखं. माझं ऐकलं असतंस तर तुलाही पटलं असतं.

वरच्या बंदरावर पन बावटा चढला होता. ते पन इंजिन चालू करून उभे. ते म्हनत होते, डॉमनिक निघाला की निघू. सायकलवाला दोनदा गेला, दोनदा आला. दुपारी दोन्ही बोटी जोडीनं सुटल्या. कागदाप्रमानं. पोचलो तवा बोट उलटी होती.

तुला हॉस्टेलला घातलं ते शिकावीस म्हनून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हनजे तू पायरीवर बसायचीस ते मला बगवत नव्हतं.

बावटा चढला म्हनजे बोट सुटली. सगळ्या बंदरात ही गोष्ट खोटी हाय हे एका मानसाला नक्की ठावं होतं, तो मी. आनि मीच जोएलला ती सांगितली.

हे तुला लिहायच्या आधी तुझ्या आईला सांगायला गेलो. एकतीस वर्सं ती मला भिंतीवरून कालवन देते, तिला आधी सांगायला हवं. ती कोळंबी सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाय. मला वाटलं ऐकलं नाय. मंग म्हनाली,

"दादा, मला ठावं हाय. मी पायरीवरून बावटा बगितला. म्हनलं, गेले. आत जाऊन भात चढवला, तो येईल तवा गरम असावा म्हनून. भात झाला, बाहेर आले. बावटा तिथंच."

एवढंच बोलली. सोललेली कोळंबी वाटीत घालून माझ्याकडे दिली, कॅथरिनला द्या म्हनाली. मी घेतली. काय करनार.

जोएल अजून आला नाय. कंपनीचा मानूस म्हनतो, नवाच्या नऊ देश आनायला तयार हायत. म्हनलं, मंग झालं, आता कोन येत नाय.

बंदरावरची पोरं आली होती. म्हनाली, काका, शुक्रवारी सगळ्या बोटींना काळे बावटे लावतो, जोएलसाठी. चांगली पोरं हायत. मी नको म्हनलं. कायबी लावू नका. कोनीतरी बगेल आनि भात चढवील.

डॉमनिक